नौकेचा खालचा मजला : बेघरांचा हक्क आणि आपल्या हक्कांची मर्यादा

सूरह अल-बलदमध्ये अल्लाहने एका खड्या घाटाचा उल्लेख केला आहे. मनुष्य तो चढण्याचे धाडस करीत नाही, अशी खंत व्यक्त करून घाट म्हणजे काय हेही तेथेच स्पष्ट केले आहे : गुलामाची मान मोकळी करणे, उपासमारीच्या दिवशी नात्यातील अनाथाला किंवा धुळीस मिळालेल्या निराधाराला अन्न देणे (९०:११-१६). या ‘धुळीस मिळालेल्या’ माणसाचा अर्थ हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी असा सांगितला आहे की, जो रस्त्यावर पडलेला आहे आणि धुळीपासून आडोसा देणारे घर ज्याला नाही, तो. अर्थात कुरआनने ज्या माणसाला ईमानच्या कसोटीवर उभे केले आहे, तो आजच्या भाषेत ‘बेघर’ होय.

मीरा-भाईंदरमध्ये हा घाट शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. फजरच्या नमाजसाठी निघालेल्या माणसाला तो वाटेतच भेटतो. बंद दुकानाच्या पायरीवर, उड्डाणपुलाखाली, रेल्वे स्थानकाच्या जिन्यालगत गोणपाट पांघरून कोणी तरी झोपलेले असते. नमाजनंतर त्याच्याविषयी चर्चा होते आणि ती बहुधा एकाच वळणावर येऊन थांबते.

वादाचे दोन पक्ष

एक पक्ष म्हणतो : हा माणूस व्यसनी आहे, आळशी आहे, पदपथ चालण्यासाठी आहे, संसार थाटण्यासाठी नाही. दुसरा पक्ष म्हणतो : दोष सरकारचा, बिल्डरांचा आणि महागाईचा आहे, तो बिचारा काय करणार? दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. मात्र दोन्ही पक्ष एका गोष्टीत सारखेच चुकतात. त्या माणसाला कोणीच काही विचारलेले नसते.

आधी विचारणा, मग न्याय

अबू दाऊदच्या हदीससंग्रहात हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. एक अन्सारी मनुष्य मागण्यासाठी आला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला प्रथम विचारले की, तुझ्या घरी काहीच नाही का? एक जाड कापड आणि एक वाडगा एवढेच होते. प्रेषितांनी (स.) त्या वस्तूंचा स्वतः लिलाव केला, दोन दिरहम आले. एका दिरहमचे अन्न घरी पोहोचविण्यास आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणण्यास सांगितले. कुऱ्हाडीला दांडा स्वतःच्या हाताने बसविला आणि १५ दिवस लाकडे तोडून विकण्याची आज्ञा केली.

‘मागू नका, कष्ट करा’ एवढाच बोध सांगून ही हदीस अनेकदा संपविली जाते. पण तिच्यात चौकशी आहे, त्या दिवसाच्या अन्नाची सोय आहे, अवजार आहे आणि मुदत आहे. हे चारही न देता केवळ उपदेश करणे म्हणजे हदीसचा शेवट घेऊन तिचा प्रारंभ टाकून देणे होय. शिवाय त्या माणसाला परत जाण्यासाठी घर होते. ज्याला रात्री कुऱ्हाड ठेवायलाही जागा नाही, त्याची अवस्था याहून बिकट आहे.

दुसरा प्रसंग इमाम अबू यूसुफ यांनी ‘किताबुल खराज’मध्ये नोंदविला आहे. खलीफा हजरत उमर (रजि.) यांना दारोदार मागणारा एक वृद्ध, अंध यहुदी दिसला. त्यांनी विचारले की, या अवस्थेला तू कशामुळे आलास? त्याने जिझिया कर, गरज आणि वार्धक्य ही कारणे सांगितली. तीन कारणांपैकी एक खुद्द शासनाचेच होते! उमर (रजि.) यांनी त्याला हात धरून घरी नेले, काही दिले, आणि त्याच्यासारख्यांचा कर माफ करून बैतुलमालमधून त्यांची तरतूद करण्याचा आदेश दिला. कारण विचारणाऱ्याच्या अंगी स्वतःकडे बोट दाखविणारे उत्तर ऐकण्याचे धैर्य असावे लागते. आणि तो वृद्ध मुस्लिम नव्हता, हेही विसरता कामा नये.

आपल्या शहरातील कारणे

हाच प्रश्न आपल्या शहराला विचारून पाहू. २००१ मध्ये मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाखांवर गेली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसे येथे आली. कित्येक मुस्लिम कुटुंबे १९९२-९३ च्या दंगलीनंतर जीव मुठीत धरून आली. येथे भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. प्रत्येक नूतनीकरणाला भाडे वाढते, अनामत वाढते, दलाली द्यावी लागते. घरातील कमावता माणूस आजारी पडला की दोन-तीन महिन्यांत अनामत संपते आणि मग सामान रस्त्यावर येते. नाक्यावर रोजंदारीसाठी उभा राहणारा मजूर तर अनामतीच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचत नाही.

ग्रामपंचायतींच्या आणि नगरपरिषदेच्या काळात उभ्या राहिलेल्या इमारती आता जीर्ण झाल्या आहेत. पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते आणि रहिवाशांना घर सोडावे लागते. मुलांनी टाकलेले वृद्ध, सासर-माहेर दोन्हीकडून दूर सारलेल्या स्त्रिया, मनोविकाराने ग्रासलेले, व्यसनात बुडालेले असेही लोक आहेत. व्यसन काहींच्या बाबतीत बेघर होण्याचे कारण असते, तर काहींच्या बाबतीत रस्त्यावरच्या रात्रींचा परिणाम. एकाच शब्दात सर्वांना बसविणे हा अन्याय आहे.

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे ९ लाख ३८ हजार बेघर नोंदले गेले. त्याच जनगणनेत शहरी भागातील रिकामी घरे १ कोटी १० लाखांहून अधिक होती. म्हणजे घरांचा तुटवडा हे कारण अपुरे आहे. घर आणि माणूस यांच्यामध्ये कुलूप आहे.

नौकेचा दृष्टान्त

येथे वैयक्तिक हक्काचा प्रश्न उभा राहतो. माझे घर मी रिकामे ठेवीन, कोणाला द्यायचे ते मी ठरवीन. त्यात इतरांचा संबंध काय?

हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेली सहीह बुखारीतील हदीस या प्रश्नाच्या मुळाशी जाते. काही लोकांनी चिठ्ठ्या टाकून नौकेतील जागा वाटून घेतल्या. काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे आणि वरच्यांना त्याचा त्रास होई. तेव्हा खालचे म्हणाले की, आपण आपल्याच हिश्श्यात भोक पाडले तर वरच्यांना उपद्रव होणार नाही. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील. हात धरला तर सगळेच वाचतील.

‘आपल्याच हिश्श्यात’ या शब्दांत व्यक्तीच्या हक्काची मर्यादा आली आहे. हिस्सा माझा असला तरी पाणी सर्वांचे आहे. मात्र दृष्टान्तातील एक तपशील आपण घाईने ओलांडतो. खालच्यांनी भोक पाडण्याचे का ठरविले? त्यांना तहान लागली होती आणि त्यांचे वर येणे वरच्यांना नकोसे झाले होते. म्हणून हात धरणे हे कर्तव्याचे अर्धे अंग आहे. पाण्याची वाट मोकळी ठेवणे हे दुसरे. हात धरला आणि पाणी दिले नाही, तर उद्या पुन्हा भोक पडणारच.

पदपथावरील झोपडी हे असे एक भोक आहे, यात शंका नाही. प्रेषितांनी (स.) रस्त्यावर बसणाऱ्यांना रस्त्याचा हक्क अदा करण्यास सांगितले आहे आणि वाटेतील उपद्रव दूर करणे ही ईमानची शाखा ठरविली आहे. वृद्धाला, चाकाच्या खुर्चीवरील अपंगाला आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला पदपथ मोकळा मिळालाच पाहिजे. पण वरच्या मजल्यावरही भोके पाडली जातात. भाव वाढण्याची वाट पाहत कुलपात ठेवलेले घर, आणि सर्व सभासदांची सोय होत असताना केवळ जादा रकमेसाठी धोकादायक इमारतीचा पुनर्विकास अडविणारा एकटा सभासद, हीदेखील भोकेच होत.

देशाचा कायदा काय सांगतो?

१९८१ मध्ये मुंबईतील पदपथवासीयांना हटविण्याचा निर्णय झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले. त्याच वेळी सार्वजनिक पदपथ बळकावण्याचा हक्क कोणालाही नाही, हेही स्पष्ट केले. आणि पावसाळा संपेपर्यंत कारवाई थांबविली. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई व न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी बांधकाम पाडण्यापूर्वी १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. रस्ते, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणे मात्र त्यातून वगळली.

याउलट, १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंध कायदा उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही भिकारी ठरवितो आणि त्याला एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद करतो. येथे केवळ हात धरला जातो, पाणी दिले जात नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर १ लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा कायमस्वरूपी निवारा हवा. २०११ ची लोकसंख्या धरली तरी आपल्या शहराच्या वाट्याला असे आठ निवारे येतात. त्यांची मागणी करणे आणि पाठपुरावा करणे हे नागरिक म्हणून आपले काम आहे.

आपले कर्तव्य

बहुसंख्य फकीहांच्या मते जकात पात्र व्यक्तीच्या मालकीत जावी लागते. म्हणून जकातमधून निवाऱ्याची इमारत बांधता येत नाही. मात्र गरजूच्या हाती भाड्याची अनामत देता येते. निवाऱ्यासाठी सदका आणि वक्फ आहे. मुंबईतील हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना हा अशा दानशीलतेचाच वारसा आहे. घर सुटण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबाला दोन महिन्यांचे भाडे देणे हे त्याला रस्त्यावरून उचलण्यापेक्षा सोपे आहे. असे कुटुंब तोंड उघडत नाही. त्यांच्या स्वाभिमानामुळे अजाण माणूस त्यांना संपन्न समजतो, असे कुरआननेच सांगितले आहे (२:२७३). त्यांना शोधावे लागते.

नाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. दलालाचा फोन बंद होतो तेव्हा काय वाटते, हे आपल्याला ठाऊक आहे. तेच आपण आपल्या सोसायटीत तलाक झालेल्या स्त्रीला, एकट्या मजुराला किंवा परक्या प्रांतातून आलेल्याला भाडेकरू म्हणून नाकारतो, तेव्हा आपण नौकेच्या कोणत्या मजल्यावर उभे असतो?

फजरला जाताना तो मनुष्य उद्याही तेथेच असेल. त्याला सलाम करावा, त्याचे नाव विचारावे आणि येथे कसा आलास हे विचारावे. घाटाची पहिली पायरी तेवढीच आहे. अल्लाह आपणा सर्वांना ती चढण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. कुऱ्हाडीच्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) त्या माणसासाठी कोणत्या चार गोष्टी केल्या?
२. नौकेतील खालच्या लोकांची चूक कोणती आणि वरच्यांची कोणती?
३. आपल्या इमारतीत भाडे भरण्यास असमर्थ ठरलेले कुटुंब असेल, तर त्याचा मान राखून मदत कशी करता येईल?