शरणपूरहून आफ्रिकेस : पाठविलेल्यांचा धडा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 13:1–4, 1 शमुवेल 4:19–22

दीपनगर येथील वीजकेंद्राच्या वसाहतीत व आसपासच्या खेड्यांत राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींमध्ये अलीकडे एक विषय वारंवार निघतो. आपल्यातील काही तरुणांनी स्वयंसेवक म्हणून मिळून आफ्रिका खंडातील एखाद्या मंडळीकडे जावे, तेथे काही आठवडे राहून हातांनी काम करावे व प्रभूची साक्ष द्यावी, अशी इच्छा कित्येक जण बोलून दाखवितात. दुसरे म्हणतात, आपल्याच मंदिराचे छप्पर गळत असता समुद्रापलीकडे कशास जावे? दोन्ही पक्षांनी निर्णय करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या मराठी मुलखातून आफ्रिकेस सेवक जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. भुसावळहून मुंबईकडे जाणारी गाडी नाशिकरोडास थांबते. तेथून जवळच असलेल्या शरणपुरातून असे सेवक दीडशे वर्षांपूर्वी निघाले होते.

1. शरणपूर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून मुलाबाळांस पकडून गलबतांत कोंबून विकावयास नेत असत. इंग्रजांची लढाऊ जहाजे अशी गलबते धरीत आणि सुटलेल्यांपैकी पुष्कळांस मुंबईस आणून उतरवीत. ज्यांना आई नाही, गाव नाही, कित्येकांना स्वतःचे मूळ नावही धड आठवत नाही, अशा ह्या लेकरांचे पुढे काय करावे? चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस यांनी नाशिकाजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली होती. तेथे आफ्रिकन आश्रम चालू झाला. मुलांस शास्त्र, वाचन व लेखन शिकवीत. त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे धंदेही शिकवीत. आपल्या देशाच्या मातीत ही परकी रोपे रुजली, हे आपण विसरू नये.

2. पहिली पाठवणी

1864 मध्ये ह्या आश्रमात वाढलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे मोंबासाजवळील राबाई येथे सेवेस गेले. तेथे योहान रेबमान हे मिशनरी 1846 पासून राबत होते. पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टन हे मुंबईस आले असता त्यांनी शरणपुरातील नऊ तरुण आपल्या 1866 च्या प्रवासासाठी घेतले. त्या नऊ जणांची कथा सर्वस्वी गौरवाची नाही. वाट बिकट होती. काही जण खचले, काही सोडून गेले. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण निरोपसमारंभात हार घातलेला प्रत्येक जण शेवटपर्यंत टिकतोच असे नाही, आणि मंडळीने हे जाणूनच प्रार्थना केली पाहिजे.

1872 मध्ये शरणपुरात शिकलेले आणखी सहा जण लिव्हिंगस्टन यांस जाऊन मिळाले. त्यांत याकोब वेनराइट, कॅरस फरार व मॅथ्यू वेलिंग्टन हे होते. 1873 च्या मे महिन्याच्या आरंभी, आज झांबिया म्हणतात त्या देशातील चितांबो यांच्या गावी, लिव्हिंगस्टन प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. आता सोबत्यांस कोणाची आज्ञा नव्हती. तेथेच मूठमाती देऊन प्रत्येकाने आपापल्या वाटेने जावे, तर कोण विचारणार होते? परंतु लिव्हिंगस्टन यांचे जुने सोबती सूसी व चूमा यांच्या पुढारपणाखाली त्या सर्वांनी निश्चय केला की, देह त्यांच्या लोकांकडे पोहोचवावयाचा. ह्या चूमाचा बाप्तिस्माही मुंबईसच, डॉक्टर जॉन विल्सन यांच्या हातून झाला होता.

फरार यांनी देह टिकविण्याच्या कामी हात लाविला. काळीज एका झाडाखाली पुरले. वेनराइट यांनी प्रेतसंस्काराची उपासना वाचली आणि झाडाच्या सालीवर अक्षरे कोरली. मीठ घालून उन्हात वाळविलेला देह सालीत व कापडात गुंडाळून ते निघाले. वाटेत एका मुलखातील लोक प्रेत नेऊ देईनात. तेव्हा त्यांनी खोटे गाठोडे करून परत पाठविल्याचे दाखविले आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेला. टाबोरा भागात भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने येथेच पुरा असा सल्ला दिला, तोही त्यांनी मानला नाही. हजार मैलांहून अधिक वाट चालून 1874 च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या समुद्रकिनाऱ्यास पोहोचले. तेथे बहुतेकांस वेतन देऊन निरोप मिळाला. देहाबरोबर विलायतेस गेले ते एकटे याकोब वेनराइट. 18 एप्रिल 1874 रोजी लंडन येथील वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत शरणपूरचा हा शिष्य होता. सूसी व चूमा विलायतेस पोहोचले तोवर विधी आटोपून गेला होता.

3. आपल्याच देशात परके

1873 मध्ये झांजिबारचा गुलामांचा बाजार कराराने बंद झाला. मग सुटलेल्या दासांसाठी मोंबासासमोर 1875 मध्ये फ्रीअर टाउन ही वसाहत उभी राहिली. ती वसविण्यासही प्राइस साहेबच गेले आणि शरणपुरातील दीडशेच्या आसपास आफ्रिकन बंधुभगिनी तिकडे गेल्या. त्यांतून शिक्षक, सुतार, लोहार व उपदेशक निघाले. तेथील घंटा आजही जतन केलेली आहे.

वाचकांस वाटेल, आता ही मंडळी स्वगृही आली. परंतु तसे झाले नाही. तेथील लोक त्यांना मुंबईकर म्हणून ओळखू लागले. त्यांचा पेहराव निराळा, बोली निराळी, चालीरीती निराळ्या. कातडीचा रंग एक असला म्हणजे मने एक होतात असे नाही. ती भाषा शिकून व एका ताटात जेवून एक करावी लागतात. उलट बाजूने, युरोपियन मिशनऱ्यांनीही त्यांस बरोबरीचे स्थान सहजी दिले नाही. 1864 मध्ये सेवेस लागलेल्या जोन्स व सेमलर यांस दीक्षा मिळाली ती 1885 मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी. दोन्हीकडून परके ठरूनही ते काम सोडून गेले नाहीत.

त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडास निघाले आणि जोन्स त्यांच्या सोबत होते. वाटेत जोन्स यांस तांड्याच्या मोठ्या भागासह मागे ठेवून बिशप पुढे गेले व ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मारले गेले. जोन्स यांनी वाचलेल्या माणसांस शेकडो मैल चालवून राबाईस परत आणिले. त्यांच्या निळ्या निशाणावर एकच शब्द होता : ईखाबोद. त्याचा अर्थ आजच्या दुसऱ्या शास्त्रपाठात पाहावा. पण वैभव गेले असे निशाणावर लिहिणाऱ्या त्या सेवकाने माणसांस सोडले नाही, ह्यातच देवाचे वैभव दिसून आले. पुढे राबाई येथे मालकांपासून पळालेल्या पुष्कळ दासांस मिशनच्या आवारात आसरा मिळाला. मालक चिडले, दंग्याचे भय झाले. शेवटी भरपाई देऊन 1 जानेवारी 1889 रोजी सुमारे 1400 जणांस मुक्तिपत्रे देण्यात आली. जो स्वतः एके काळी विकला गेला होता, त्या जोन्स यांस त्या दिवशी काय वाटले असेल, ह्याचा विचार प्रत्येकाने करावा.

4. आम्हांस बोध

पहिला बोध पाठविणाऱ्यांस आहे. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा व शौल यांस पाठविले, तेव्हा तेथील पुढाऱ्यांत निग्र म्हटलेला शिमोन व आफ्रिकेतील कुरेने गावचा लूक्य हे होते. म्हणजे आफ्रिका ही केवळ घेणारी नव्हे. सुवार्तेच्या पहिल्या पाठवणीत ती देणारीही होती. आपला संघ तेथे गेला तर दाते म्हणून नव्हे, भाऊ म्हणून जावा.

दुसरा बोध जाणाऱ्यांस आहे. शरणपूरच्या मुलांच्या मुखी शास्त्र होते, तसा हाती धंदाही होता. आपल्या वसाहतीत वीजतंत्री आहेत, जोडारी आहेत, परिचारिका आहेत. त्यांनी आपले कौशल्य प्रभूस अर्पण करावे. जाण्यापूर्वी त्या लोकांची भाषा थोडीतरी शिकावी, आणि काय हवे ते त्यांसच विचारावे. आपण ठरविलेले काम त्यांच्यावर लादू नये.

तिसरा बोध आम्हां सर्वांस आहे. काही आठवड्यांचा प्रवास म्हणजे सेवा संपली असे नव्हे. ज्याने प्रवासात कोणाचे ओझे उचलले नाही, त्याने केवळ देश पाहिला. आणि ज्यांना दूर जाणे शक्य नाही, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, शरणपुरात अनोळखी मुलांस शिकविणारे मागे राहिले, म्हणूनच पुढे कोणी जाऊ शकले. आपल्या दारी, वीटभट्टीवर व केळीच्या बागांत, परगावाहून आलेली मजुरांची लेकरे आहेत. गळके छप्पर दुरुस्त करणे, ह्या लेकरांस अक्षरे शिकविणे आणि आफ्रिकेस माणूस पाठविणे, ही तीन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. त्या एकाच प्रभूच्या आज्ञा आहेत.

विचारासाठी प्रश्न

(1) अंत्युखियाच्या मंडळीने पाठविण्यापूर्वी काय केले? आपली मंडळी ते करते काय?
(2) लिव्हिंगस्टन यांच्या सोबत्यांस कोणाची आज्ञा नसता त्यांनी एवढे कष्ट का सोसले?
(3) जोन्स यांस दोन्हीकडून परके लेखिले गेले. आपल्या मंडळीत असे कोणास वाटत असेल काय?
(4) आपल्या गावातील कोणते एक लेकरू ह्या आठवड्यात आपण शिकवू शकू?

प्रार्थनेचा विषय : जे जातील त्यांस नम्रता, जे राहतील त्यांस विश्वासूपणा, आणि ज्यांच्याकडे आपण जाऊ त्यांच्याकडून शिकण्याचे मन देवबाप आम्हां सर्वांस देवो. आमेन.