हुक्क्याची नळी आणि पुढची वाट

व्यसनाबद्दल मुलांशी बोलताना आपण तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी आणि सिगारेट यांची नावे घेतो. हुक्क्याचे नाव मात्र राहून जाते. पुष्कळ मुलांना हुक्का हे व्यसन वाटतच नाही. सफरचंदाचा किंवा पुदिन्याचा वास, मित्रांचा घोळका आणि पाण्यातून येणारा धूर. यात वाईट काय, असे ती विचारतात. या पाठात त्याचे उत्तर शोधू या.

पाण्याने धूर शुद्ध होतो का?

नाही. पाण्याने धूर थंड होतो, निर्विष होत नाही. थंड धूर घशाला टोचत नाही, म्हणून तो खोलवर आणि बराच वेळ ओढला जातो. तासाभराच्या एका बैठकीत एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर ओढला जातो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली दिला. चिलमीवरच्या जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्यामुळे बिनतंबाखूचा 'हर्बल' हुक्काही निर्धोक नाही. शिवाय एकच नळी अनेकांच्या तोंडी लागते, त्यातून क्षयासारखे रोग पसरण्याची भीती असते.

इर्बिदच्या मुलांनी काय दाखवले?

जॉर्डनच्या उत्तरेला इर्बिद शहर आहे. तिकडे हुक्क्याला 'अर्गिले' म्हणतात आणि त्यात फारसे वावगे मानत नाहीत. संशोधकांनी तेथील १९ शाळांतील सातवीच्या मुलामुलींची २००८ ते २०११ या काळात दरवर्षी पाहणी केली. सिगारेटला कधीच हात न लावलेल्या मुलांपैकी जी हुक्का ओढत होती, ती पुढे सिगारेटकडे अधिक प्रमाणात वळली. हुक्का जितका वारंवार, तितका हा धोका मोठा. अमेरिकेतील १५ ते २३ वर्षांच्या तरुणांच्या अभ्यासातही असेच आढळले. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

हुक्का ओढणारे प्रत्येक मूल सिगारेट ओढेलच, असा याचा अर्थ नाही. पण वाट कशी तयार होते ते समजण्यासारखे आहे. हुक्क्यातल्या तंबाखूत निकोटिन असते आणि त्याची शरीराला सवय लागते. हुक्का खिशात घालून फिरता येत नाही, तलफ मात्र कुठेही येते. तेव्हा हाताशी असते ती सिगारेट किंवा तंबाखूची पुडी.

कायदा कुठवर पुरतो?

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल परिसरातील आगीत १४ जणांचा बळी गेला. हुक्क्याच्या निखाऱ्यांमुळे ती भडकल्याचे अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आले. त्यानंतर २०१८ साली महाराष्ट्राने कायद्याने हुक्का पार्लरवर बंदी घातली. पार्लर बंद करता येते. मित्राच्या खोलीत किंवा गच्चीवर पेटलेल्या हुक्क्यापर्यंत कायद्याचा हात सहज पोहोचत नाही. तिथे घरच्या माणसांनीच लक्ष घालायला हवे.

आपण काय करावे?

पालकांनी, वसतिगृहाच्या गृहपालांनी आणि तरुण संघाच्या पुढाऱ्यांनी हुक्क्याचे नाव घेऊन बोलावे. गावाकडून शिकायला शहरात आलेल्या मुलांशी तर पहिल्याच महिन्यात बोलावे. नव्या मित्रांना नाही म्हणणे तेव्हाच सर्वांत जड जाते. एखाद्याने ओढल्याचे कबूल केले तर त्याला चारचौघांत लाजवू नये. लपवणारे मूल मदतही मागत नाही. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या परिसरातील मुले हुक्क्याबद्दल काय समजतात? त्यांनाच विचारून पाहा.
२. मित्रांनी आग्रह केल्यास मैत्री न तोडता नकार कसा द्यावा?
३. मोठ्यांच्या हातात तंबाखूची पुडी असेल, तर मुले आपले का ऐकतील?