रंग बदलणारी काच

‘चष्मा’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. फारसीत ‘चश्म’ म्हणजे डोळा. तेथून हा शब्द उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. ‘दुकान’ हा शब्दही दोन्ही भाषांत एकच आहे. तेव्हा चष्म्याच्या दुकानात शिरताना भाषेची फारशी अडचण पडणार नाही.

मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. मुंबई-आग्रा रस्ता येथून जातो, त्यामुळे ट्रकचालकांची ये-जा नेहमीचीच. एके दुपारी एक ट्रकचालक रस्त्यालगतच्या चष्म्याच्या दुकानात आला. त्याच्यासोबत त्याचा नववीत शिकणारा मुलगा होता.

“चाचा, उन्हात आपोआप काळी होणारी काच असते म्हणतात. माझ्या नंबरची तशी काच दाखवा. दिवसभर समोरून ऊन येते, डोळे दुखतात.”

चाचांनी कपाटातून एक चष्मा काढला. त्याच्या काचा साध्या काचांसारख्याच पारदर्शक होत्या. त्यांनी एका काचेवर रुपयाचे नाणे ठेवले आणि छोट्या टॉर्चचा जांभळट प्रकाश वरून सोडला. मुलगा वाकून पाहू लागला.

“टॉर्चमध्ये पाहू नकोस, बेटा. यातून अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना चांगले नाहीत.”

थोड्या वेळाने चाचांनी नाणे उचलले. काच राखाडी झाली होती. फक्त नाण्याच्या जागी स्वच्छ गोल चकती राहिली होती.

“ही तर जादूच!” मुलगा म्हणाला.

“जादू कसली? रसायन आहे. पूर्वी अशा काचेत चांदीच्या क्षाराचे अगदी बारीक स्फटिक आणि किंचित तांबे असे. अतिनील किरण पडले की क्षारातून चांदीचे कण तयार होत आणि प्रकाश अडवत. सावलीत आले की त्यांचा पुन्हा क्षार होई.”

ही काच १९६० च्या दशकात अमेरिकेतील कॉर्निंग या कारखान्यातील विल्यम आर्मिस्टेड आणि डोनाल्ड स्टूकी या संशोधकांनी तयार केली. फोटोच्या फिल्मवरही चांदीचेच क्षार असतात, पण तेथे एकदा झालेला बदल परत फिरत नाही. काचेत मात्र सर्व द्रव्ये जागच्या जागी कोंडलेली असतात, म्हणून ती पुन्हा एकत्र येतात. आता बहुतेक चष्मे प्लॅस्टिकच्या भिंगांचे असतात. त्यांत चांदी नसते, विशेष प्रकारचे रंगद्रव्य असते. त्याचे रेणू अतिनील किरणांनी उलगडतात आणि रंगीत दिसतात. किरण थांबले की ते पुन्हा मिटतात.

ट्रकचालकाने खिशात हात घातला. “मग हाच द्या.”

पुष्कळ दुकानांत सौदा येथेच पुरा होतो. टॉर्चचा प्रयोग आहेच तसा! पण चाचांनी विचारले, “हा चष्मा तुम्ही लावणार कधी?”

“गाडी चालवताना. आणखी कधी?”

“मग आधी चहा घ्या. काच स्वच्छ व्हायला काही मिनिटे लागतात. नंतर तुमच्या गाडीतच बसून पाहू.”

चहा झाला. काच पुन्हा निवळली. चाचांनी चष्मा डबीत बंद करून नेला आणि ट्रकच्या समोरच्या मोठ्या काचेमागे धरला. ऊन थेट त्यावर पडत होते. पाच मिनिटे झाली तरी भिंगावर जेमतेम फिकट छटा आली. मग त्यांनी हात बाहेर काढून तोच चष्मा उघड्या उन्हात धरला. एका मिनिटाच्या आत तो गडद झाला.

“असे कसे?” ट्रकचालकाने विचारले.

“गाडीची समोरची काच दुहेरी असते. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. तो जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतो. डोळ्यांवर झळझळीत उजेड येतो, पण भिंगाला हवे ते किरण पोहोचतच नाहीत.”

“अब्बा, म्हणजे पैसे वाया गेले असते!” मुलगा म्हणाला.

“आणखी एक ऐका,” चाचा म्हणाले. “उष्णतेने ते रेणू लवकर मिटतात. म्हणून थंडीत ही काच खूप गडद होते आणि आपल्या मे महिन्यात त्याहून फिकी राहते. शिवाय काही वर्षांनी रंगद्रव्य थकते. पायी हिंडणारा फेरीवाला, टपालवाला यांना हा चष्मा मी आनंदाने देतो. ढगाळ दिवशीही तो त्यांच्या उपयोगी पडतो. गाडीतही थोड्या गडद होणाऱ्या काचा निघाल्या आहेत, पण त्या नीट विचारून, गाडीत बसून पाहूनच घ्याव्यात.”

शेवटी ट्रकचालकाने आपल्या नंबरचा कायम गडद काचांचा चष्मा करायला दिला. “दिवस मावळला की हा उतरवायचा आणि साधा लावायचा,” चाचांनी बजावले. मुलाचे तिकडे लक्ष नव्हते. तो नाण्याऐवजी किल्ली ठेवून टॉर्च कधी लावायला मिळेल, याची वाट पाहत होता.

स्वाध्याय

१. नाण्याच्या जागी काच स्वच्छ का राहिली?
२. चाचांनी ट्रकचालकाला गाडीत नेऊन चष्मा का दाखवला?
३. ‘चष्मा’, ‘दुकान’ यांसारखे उर्दू व मराठीत समान असलेले पाच शब्द लिहा.