भेंडीवरील केवडा आणि परभणीचे संशोधन

भेंडीच्या पानांच्या शिरा प्रथम पिवळ्या पडतात, मग सारे पान पिवळे होते, आणि जी थोडी फळे लागतात ती फिकट, निबर व बाजारात नाकारली जाणारी असतात. शेतकरी या रोगास केवडा किंवा हळद्या म्हणतात. उगवणीनंतर पहिल्या महिन्यात लागण झाली तर त्या झाडापासून उत्पन्नाची आशा जवळजवळ सोडावीच लागते.

मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद १९२४ मध्ये झाली. तो विषाणूजन्य असून पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. रोगट झाड औषधाने बरे होत नाही. फवारणी होते ती माशीवर. आणि भेंडीची तोडणी तर दर दोन-तीन दिवसांनी करावी लागते! आज फवारलेले विष परवा कोणाच्या तरी ताटात जाते, ही गोष्ट पीक संरक्षणाचा विचार करताना नजरेआड करून चालणार नाही.

रोगास दाद न देणारे वाण म्हणून पूर्वी 'पुसा सावनी' प्रसिद्ध होते. पुढे तेही केवड्यास बळी पडू लागले. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषि विद्यापीठात (आताचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ) डॉ. एन. डी. जांभळे व डॉ. वाय. एस. नेरकर यांनी हा प्रश्न हाती घेतला. डॉ. नेरकर पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे कुलगुरू झाले. लागवडीच्या भेंडीत खात्रीची प्रतिकारशक्ती सापडेना, म्हणून ती त्यांनी तिच्या रानटी भावकीत शोधली. रानभेंडीशी संकर करून पुढील पिढ्यांत निरोगी व रोगट झाडांची गणती केली. प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचा त्यांचा निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंडेलचा नियम शिकविणाऱ्या शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

मात्र भिन्न जातींच्या संकरात वंध्यत्व आड येते, आणि रानटी गुणही सोबत येतात. म्हणून संकरित झाडांचा पुन्हा पुसा सावनीशी संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत जावे लागले. या चिकाटीतून 'परभणी क्रांती' हे वाण १९८० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांच्या हाती आले व जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले. ते सरळ वाण असल्याने शेतकऱ्यास घरचे बी ठेवता येते. भेंडीत परपरागीकरण होते, तेव्हा बियाण्याचा प्लॉट इतर भेंडीपासून दूर असावा आणि त्यातील भेसळीची व रोगट झाडे वेळीच उपटावीत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे इष्ट आहे. जी प्रतिकारशक्ती एका जनुकाच्या आधारावर उभी असते ती आणणे सोपे, पण टिकणे अवघड. विषाणू बदलत राहतो. परभणी क्रांतीवरही पुढे अनेक ठिकाणी केवडा दिसू लागला. या रोगाच्या विषाणूसोबत एक लहान उपघटक असतो व रोगलक्षणे उमटविण्यात त्याचा मोठा वाटा असतो, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणजे पूर्वी ज्याला एक शत्रू समजत होते, ती जोडी निघाली. संशोधकाचे काम वाण प्रसारित झाल्यावर संपत नाही, ते यामुळेच.

तोवर शेतावर काय करता येईल? प्रथम दिसलेली रोगट झाडे तत्काळ उपटून नष्ट करावीत. दोन-चार झाडांचा मोह पुढे सारा प्लॉट घालवतो. बांधावरील रानभेंडी व तणे काढावीत, कारण हंगाम नसताना विषाणू तेथेच आश्रय घेतो. हे काम एकट्या शेतकऱ्याचे नव्हे. शेजारचा बांध तसाच राहिला तर श्रम वाया जातात, आणि गायरान व रस्त्याकडेची तणे ग्रामपंचायतीच्याच कक्षेत येतात. पिवळे चिकट सापळे लावून माशीवर लक्ष ठेवावे. प्रादुर्भाव कमी असता ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे वारंवार फवारल्यास माशीचे नैसर्गिक शत्रू मरतात व माशी उलट वाढते.