श्री सिद्धेश्वर तलाव : इतिहास, माहात्म्य व जतन

सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर महाराज यांच्या दर्शनास येणाऱ्या भाविकाची दृष्टी गाभाऱ्याआधी विस्तीर्ण जलाशयावर स्थिरावते. मंदिराभोवती पसरलेले हे पाणी, त्यात पडलेले शिखराचे प्रतिबिंब आणि काठावरील भुईकोट किल्ल्याची तटबंदी हे दृश्य सोलापूरची ओळखच होऊन बसले आहे. मात्र हे सरोवर निसर्गाने दिलेले नाही. ते बाराव्या शतकात माणसांच्या हातांनी खोदले गेले. ज्या शिवयोग्यांच्या समाधीपुढे भाविक मस्तक ठेवतो, त्यांच्याच प्रेरणेने हे खोदकाम झाले. म्हणून या क्षेत्री तलाव हा केवळ मंदिराचा परिसर नव्हे; तो श्री सिद्धरामेश्वरांच्या सेवाकार्याचा प्रत्यक्ष अवशेष आहे.

सोन्नलगेचे शिवयोगी

आजच्या सोलापूरचे जुने नाव सोन्नलगे. याच गावी मुद्दगौडा व सुग्गलादेवी या दांपत्याच्या पोटी श्री सिद्धरामेश्वरांचा जन्म झाला. बालवयातच त्यांना श्रीशैल येथील श्री मल्लिकार्जुनाची ओढ लागली. श्रीशैलाहून परत आल्यावर त्यांनी सोन्नलगे ही आपली कर्मभूमी मानली आणि पंचक्रोशीत ६८ लिंगांची स्थापना केली. त्यांनी कन्नड भाषेत वचने रचली. प्रत्येक वचनाच्या शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांची नाममुद्रा येते. कन्नड कवी राघवांक यांनी त्यांच्या चरित्रावर स्वतंत्र काव्य रचले आहे.

शिवयोगी म्हटले की एकांत, ध्यान व समाधी डोळ्यांपुढे येते. सिद्धरामेश्वरांच्या साधनेत मात्र कुदळ, फावडे आणि मातीची पाटी यांना मानाचे स्थान होते. लोकांना एकत्र आणून लोकोपयोगी काम उभे करणे हीच शिवपूजा, असा त्यांच्या जीवनाचा धडा आहे. माती खोदणारा व दगड फोडणारा वड्डर, म्हणजेच भोवी समाज, आजही त्यांना आपले गुरू मानतो. कर्नाटकातही त्यांची जयंती जानेवारी महिन्यात साजरी होते.

तलाव कशासाठी?

सोलापूरचा परिसर पर्जन्यछायेतला आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जो पाऊस पडेल, त्यावर वर्षाचे उरलेले आठ महिने काढावयाचे असतात. पाऊसही लहरी असतो. एखाद्या वर्षी ओढे दुथडी वाहतात, तर एखाद्या वर्षी बियाणेही मातीत जळून जाते. अशा भूमीत पळणारे पाणी अडवून साठविणे याहून मोठे पुण्यकर्म ते कोणते असणार? विहीर, तळे व बाव यांना आपल्या धर्मपरंपरेत पूर्तकर्म म्हटले आहे. यज्ञाचे फळ यजमानाला मिळते. तळ्याचे पाणी मात्र गुरे, पाखरे आणि वाटसरू, सर्वांनाच मिळते.

तलाव पाण्याची आणखीही एक सेवा करतो, ती सहसा डोळ्यांना दिसत नाही. साठलेले पाणी जमिनीत हळूहळू मुरते आणि आसपासच्या विहिरींना पाझराच्या रूपाने मिळते. पुढील काळात सोलापूरसाठी मोठी जलकामे झाली. इ.स. १८७१ मध्ये शहराच्या ईशान्येस एकरूख, अर्थात हिप्परगा तलाव पूर्ण झाला, तर १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण उभे राहिले. त्यांच्यापुढे सिद्धेश्वर तलाव आकाराने लहान आहे. परंतु या भूमीला पाणी साठविण्याचा संस्कार त्याने कितीतरी शतके आधी दिला.

अल्लमप्रभूंची परीक्षा

या तलावाशी जोडलेला एक प्रसंग पंधराव्या शतकात संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात येतो. तलावाचे काम जोरात सुरू असताना अल्लमप्रभू सोन्नलगे येथे आले. कामकऱ्यांजवळ जाऊन त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख माती उपसणारा वड्डर असा केला. गुरूंचा हा अवमान समजून कामकरी संतापले आणि त्यांच्यावर दगडांचा वर्षाव करू लागले. प्रभूंना मात्र एकही दगड लागला नाही. वार्ता कळताच सिद्धराम तेथे आले आणि दोघांत संवाद झाला. तळी व देवालये बांधल्याने कीर्ती मिळेल, पण तेवढ्याने मुक्ती मिळेल काय, हा त्या संवादाचा गाभा होय. अखेर सिद्धराम अल्लमप्रभूंसमवेत कल्याण येथे गेले. तेथे महात्मा बसवेश्वर व चन्नबसवेश्वर यांच्या सहवासात त्यांची साधना परिपूर्ण झाली.

या प्रसंगाचा अर्थ लावताना तळे खोदणे व्यर्थ होते, असे समजण्याचे कारण नाही. प्रभूंचा आक्षेप तळ्यावर नव्हता. ‘हे मी केले’ या भावनेवर तो होता. काम तेच, हात तेच. फक्त त्यातील कर्तेपणा गळून पडावा, एवढीच अपेक्षा होती. तलावाच्या जतनासाठी पुढे येणाऱ्या प्रत्येक सेवेकऱ्याने आणि देणगीदाराने मनाशी जपावा असा हा बोध आहे.

काठावरचा इतिहास

बहमनी राजवटीत तलावालगत भुईकोट किल्ला उभा राहिला. डोंगरी किल्ल्याला कडे असतात. सपाट भूमीवरच्या किल्ल्याला पाण्याचाच आधार घ्यावा लागतो. त्यामुळे किल्ल्याच्या एका अंगास तलाव आणि उरलेल्या अंगांस खंदक अशी संरक्षणाची योजना झाली. तहानलेल्यांसाठी खोदलेले पाणी अशा रीतीने तटाचेही रक्षक झाले. बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल व मराठे अशा अनेक सत्ता या किल्ल्याने पाहिल्या. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तो पेशव्यांकडून घेतला. सत्ता बदलल्या, निशाणे बदलली, तरी ग्रामदैवताची यात्रा आणि तलावाचे पाणी यांच्याशी सोलापूरकरांचे नाते तुटले नाही.

मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत हे नाते विशेषत्वाने दिसते. ही यात्रा ‘गड्डा’ या नावाने प्रसिद्ध आहे. सात नंदीध्वजांची मिरवणूक, ६८ लिंगांना तैलाभिषेक म्हणजे यण्णीमज्जन, संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा, होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम असे तिचे मुख्य विधी होत. सिद्धरामेश्वरांची मनोभावे सेवा करणाऱ्या कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरली, तेव्हा योगीराजांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी कथा आहे. अक्षता सोहळा हे त्याच विवाहाचे प्रतीक होय. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तेलंगणा या राज्यांतून लाखो भाविक या यात्रेस येतात.

मानवनिर्मित तलावाचे आयुष्य

नदी वाहती असते. ती आपली घाण पुढे नेते आणि पुराच्या वेळी आपले पात्र स्वतःच धुऊन काढते. तलावाला ही सोय नाही. त्यात जे येते, ते बहुतांशी तेथेच राहते. म्हणूनच मानवनिर्मित तलाव एकदा खोदून संपत नाही. त्याचे जतन तीन गोष्टींवर अवलंबून असते.

पहिली गोष्ट गाळ. दर पावसाळ्यात पाण्याबरोबर माती येते व तळाशी बसते. खोली कमी होते, साठवण घटते. उथळ पाणी उन्हाने लवकर तापते व अधिक वेगाने आटते. गाळ उपसला नाही तर काही पिढ्यांत तलावाचे दलदलीत रूपांतर होते. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर गाळ काढून तो शेतात टाकण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेमागेही हेच तत्त्व आहे. शहरातील तलावाचा गाळ मात्र शेतात नेण्यापूर्वी तपासून घेणे योग्य ठरते.

दुसरी गोष्ट सांडपाणी व निर्माल्य. सांडपाणी, फुले, पाने, पिठाचे गोळे, प्रसाद व अन्न पाण्यात कुजले की त्यातून नत्र व स्फुरद मोकळे होतात. शेतात जे खत ठरते, ते तलावात शेवाळाचे व जलपर्णीचे अन्न बनते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते; परंतु रात्री तेच पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. मेलेले शेवाळ कुजतानाही प्राणवायू खर्च होतो. उन्हाळ्यात उष्ण पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. म्हणून अशा तलावांत पहाटेच्या सुमारास मासे तडफडून वर येतात. पुण्य समजून टाकलेली पिठाची मूठ माशांच्या मुखी न लागता त्यांच्या मृत्यूस कारण होऊ शकते, हे भाविकांनी ध्यानी घ्यावे.

तिसरी गोष्ट मूर्तिविसर्जन. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात सहजी विरघळत नाही, ती तळाशी पडून राहते आणि रासायनिक रंग पाण्यात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या व २०२० मध्ये त्या सुधारल्या. मातीच्या मूर्ती, नैसर्गिक रंग आणि विसर्जनासाठी स्वतंत्र कुंड यांवर त्यांत भर आहे.

केंद्र शासनाने २००१ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत सिद्धेश्वर तलावाचाही समावेश झाला होता. पुढे २०१३ मध्ये ही योजना पाणथळ जागांच्या योजनेबरोबर एकत्र करण्यात आली. शासनाच्या योजना येतात, त्यांची मुदत संपते. गाळ मात्र दरवर्षी येतच राहतो. योजनेनंतरचे जतन काठावरच्या माणसांच्या हाती असते.

न दिसणारे दान

देवस्थानास येणारे दान बहुधा डोळ्यांना दिसेल अशा कामासाठी दिले जाते. कळस, चांदीचा दरवाजा, फरशी किंवा सभामंडप यांवर दात्याचे नाव कोरता येते. उपसलेल्या गाळावर नाव कोरता येत नाही. सांडपाण्याचा एखादा प्रवाह वळविला, जलपर्णी काढली, घाटाचा निखळलेला दगड नीट बसविला, तर पुढील वर्षी येणाऱ्या भाविकास काही वेगळे घडले असे जाणवणारही नाही. पाणी निर्मळ आहे, एवढेच तो पाहील. परंतु अल्लमप्रभूंनी सिद्धरामांपुढे जो प्रश्न ठेवला, त्याचे उत्तर अशाच निनावी सेवेत आहे. ज्यांना तलावासाठी देणगी द्यावयाची असेल, त्यांनी तो हेतू पावतीवर स्पष्ट नोंदवून घ्यावा. ज्यांना द्रव्य देणे शक्य नाही, त्यांचे श्रमदान तितकेच मोलाचे आहे. मूळ तलावही श्रमातूनच उभा राहिला होता.

भाविकांना नम्र विनंती

हार, फुले व बेलपत्र पाण्यात न सोडता निर्माल्य कलशातच ठेवावे.

मासे व पक्षी यांना पीठ, पाव अथवा प्रसाद घालू नये.

घाटावर साबण लावून स्नान करू नये, कपडे अथवा वाहने धुऊ नयेत.

प्लॅस्टिकच्या पिशव्या, द्रोण व बाटल्या काठावर टाकू नयेत. वाऱ्याने त्या पाण्यातच जातात.

विसर्जन नेमून दिलेल्या कुंडातच करावे.

पाण्याच्या काठी लहान मुलांचा हात सोडू नये.

दर्शन आटोपल्यावर प्रत्येक भाविकाने क्षणभर काठावर उभे राहून या पाण्याकडे पाहावे. सुमारे ९०० वर्षांपूर्वी कोणा अनामिक कामकऱ्याने येथून मातीची पहिली पाटी उचलली. त्याचे नाव आज कोणासही ठाऊक नाही, पण त्याने केलेल्या जागी पाणी अजून आहे. ते पुढील पिढीच्या हाती निर्मळ सोपविणे हीच श्री सिद्धरामेश्वरांची खरी पूजा होय.