अंतरिम आदेशाविषयी भाचीला पत्र

चि. मुक्तास,



तुझ्या सहकाऱ्याची चौकशी पुरी व्हायच्या आतच जनरल डेंटल कौन्सिलने त्याच्या कामावर बंधनं आणली, हा उघड अन्याय आहे, असं तू लिहितेस. तुझा राग कळतो, पण पटत नाही. ब्रिटनच्या १९८४ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे असा अंतरिम आदेश तीनच कारणांनी देता येतो: लोकांच्या संरक्षणासाठी तो आवश्यक असेल, अन्यथा लोकहिताचा असेल, किंवा खुद्द त्या डेंटिस्टच्या हिताचा असेल. आरोप खरा की खोटा, हे असा आदेश देणारी कौन्सिलची समिती ठरवतच नाही. ती एवढंच बघते, की अंतिम सुनावणी होईपर्यंत या माणसाला नेहमीसारखं काम करू दिलं तर धोका किती. समज, उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या नोंदवहीत आठवडेच्या आठवडे कोरे आहेत आणि तरीही ट्रेमधली उपकरणं रुग्णांच्या तोंडात जात होती, अशी तक्रार आली. खुर्चीत आ वासून बसलेल्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. संशयाचा फायदा डेंटिस्टला दिला, तर जोखीम त्या रुग्णाच्या पदरात पडते, आणि तीही त्याला न विचारता.

तू म्हणशील, उद्या तो निर्दोष ठरला तर? बुडालेली कमाई कोण देणार, गेलेलं नाव कसं परत येणार? याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. आदेश १८ महिन्यांपर्यंतचा असू शकतो, आणि कर्जाचे हप्ते तेवढे थांबत नाहीत. पण म्हणूनच कायद्याने या अधिकाराला वेसण घातली आहे. बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय आदेश निघत नाही, दर सहा महिन्यांनी फेरविचार होतो, मुदत वाढवायची तर कौन्सिलला न्यायालयात जावं लागतं. केवळ लोकहिताचं कारण देऊन निलंबन करण्याची वेळ क्वचितच यावी, असं तिथल्या उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका डेंटिस्टच्याच प्रकरणात म्हटलं आहे. शिवाय निलंबन हा एकच मार्ग नाही. देखरेखीखाली काम करा, इम्प्लांट करू नका, अशा अटींनी भागत असेल तर समितीने अटीच घालायला हव्यात. खरी तक्रार करायची तर चौकशी रेंगाळते याची कर. अधिकारच नको म्हणणं म्हणजे रोगाऐवजी औषधावर रागावणं.

यातून तू घ्यायचं ते असं. कधी नोटीस आलीच, तर समितीपुढे 'मी निर्दोष आहे' हे तासभर सांगण्यात अर्थ नाही. धोका कसा आटोक्यात ठेवणार ते सांग: कोणाची देखरेख, कुठली कामं बंद, हे लेखी आणि पाळता येईल असं. नोटीस मिळाली त्याच दिवशी तुला व्यावसायिक संरक्षण देणाऱ्या इन्डेम्निटी संस्थेला फोन कर. आणि रुग्णाच्या जुन्या नोंदींना हात लावू नकोस, अगदी राहिलेली खरी गोष्ट भरायलासुद्धा. कुठली ओळ केव्हा बदलली हे संगणक जपून ठेवतो, आणि मग कामातल्या हलगर्जीपणाची साधी तक्रार अप्रामाणिकपणाची होऊन बसते. सहकाऱ्यालाही सांग, अटी जाचक वाटल्या तरी अक्षरशः पाळ. अट मोडली तर तो वेगळा आरोप होतो, आणि फेरविचारात समिती पहिल्यांदा तेच बघते.

तुझा,
मामा