भाड्याच्या पेटीत माश्या किती?

फेब्रुवारी-मार्चमध्ये जालना-बुलढाणा पट्ट्यात कांदा बियाण्याचे प्लॉट पांढऱ्या गोंड्यांनी भरून जातात. संकरित बियाण्याच्या शेतात नर आणि मादी अशा वेगळ्या ओळी असतात. मादी ओळीच्या फुलात कामाचा परागच नसतो. तो नर ओळीवरून कुणीतरी आणून द्यावा लागतो आणि वाऱ्याला ते जमत नाही. माशी फिरली नाही, तर गोंडा लांबून टपोरा दिसतो, पण तळहातावर चोळला की नुसता भुसा निघतो.

म्हणून मधपेट्या भाड्याने घ्यायच्या. या पट्ट्यातल्या एका बीजोत्पादकाने तेच केलं. पैसे आगाऊ दिले, फुलं उमलायच्या आधीच पेट्या उतरवून घेतल्या आणि निर्धास्त झाला. माश्या मात्र त्याच्या प्लॉटवरून थेट पलीकडच्या मोसंबीच्या बागेत जाऊ लागल्या.

यात माश्यांचा काही दोष नव्हता. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं, त्यामुळे तो त्यांना फारसा रुचत नाही. जवळ मोसंबीचा आंबे बहार फुललेला असेल, तर त्या तिकडेच वळणार. शिवाय एका फुलावर बसलेली माशी तो फुलोरा ओसरेपर्यंत सहसा दुसरीकडे जात नाही. म्हणून पिकात साधारण दहा टक्के फुलं उमलल्यावरच पेट्या आणाव्यात. त्या रात्री, दाराला जाळी लावून आणायच्या आणि जागेवर ठेवल्यावरच दार उघडायचं. जागाही आधीच पक्की हवी. दुसऱ्या दिवशी पेटी पन्नास फूट सरकवली, तर रानातून परतलेल्या माश्या जुन्याच जागी घोंगावत राहतात.

त्या बीजोत्पादकाने पेट्यांची झाकणं उघडली ती फार उशिरा. काही पेट्यांत जेमतेम तीन फ्रेमवर माश्या, बाकी फ्रेम कोरड्या. भाडं मात्र सगळ्यांचं सारखंच! इथे शेतकऱ्याने भीड ठेवू नये. मेलिफेरा जातीच्या पेटीत निदान आठ फ्रेम माश्यांनी झाकलेल्या असाव्यात, राणी अंडी घालत असावी आणि कोठड्यांत अळ्या दिसाव्यात. अळ्यांना परागाचा आहार लागतो. त्या भरपूर असल्या की कामकरी माश्या परागासाठी जास्त फेऱ्या मारतात. सातेरी या देशी माशीची वसाहत मुळातच लहान असते, तिला हे माप लावू नये. भाव पेटीवर न ठरवता भरलेल्या फ्रेमवर ठरवला, तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

खरा घाला पडला तो फवारणीचा. शेजारच्या प्लॉटवर फुलकिडे आले आणि तिथे भर सकाळी औषध मारलं गेलं. दुपारपर्यंत पेट्यांच्या दारासमोर मेलेल्या माश्यांचा थर साचला होता, कित्येकींच्या सोंडा बाहेर आलेल्या. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड मधमाश्यांना फार घातक आहेत. इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरावर युरोपीय संघाने 2018 मध्ये बंदी घातली. संध्याकाळी फवारणी केली की झालं, असं अनेकांना वाटतं. लवकर विरणाऱ्या औषधांपुरतं ते ठीक आहे. ज्यांचा अंश झाडात, फुलात उरतो ती औषधं फुलोऱ्यात वापरूच नयेत.

माशी दोन-तीन किलोमीटर सहज फिरते, तेव्हा आपल्या बांधापुरती काळजी घेऊन भागत नाही. पेट्या येण्याआधी आसपासच्या प्रत्येक शेतकऱ्याला भेटावं आणि फवारणीची खबर आदल्या दिवशी मिळेल एवढं तरी ठरवून घ्यावं. पेट्यांना दुपारची सावली हवी आणि जवळ पसरट भांड्यात पाणी हवं. त्यात बसायला दगड ठेवावेत, नाहीतर माश्या बुडतात.

मेलेल्या वसाहतींची भरपाई कोणी द्यायची, यावरून पेटीमालक आणि शेतकरी अडून बसले, कारण कागदावर काहीच नव्हतं. करारात पेट्यांची संख्या, भरलेल्या फ्रेम, आणण्या-नेण्याच्या तारखा, अधूनमधून तपासणी कोण करणार आणि विषबाधा झाल्यास नुकसान कोणाचं, एवढं लिहिलेलं असावंच. पुढच्या हंगामात या बीजोत्पादकाने त्याच शेजाऱ्याला भागीत घेऊन पेट्या आणल्या; फवारणीचे दिवस दोघांनी मिळून ठरवले आणि तेही करारात घातले.